सायकल रेल्वेने नेताना

फेरीवाल्या बंधूंनो, सायकल प्रवाशांच्या डब्यात चढवू नका. ती लगेज ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये द्यावी लागते. तिकिटावर सामानाची जी मोफत सवलत मिळते ती सायकलीला लागू नाही, म्हणून भाडे धंद्याच्या खर्चात आधीच धरा. गाडीच्या अर्धा तास आधी तरी पोहोचा.

नाव आणि उतरण्याचे स्टेशन पुठ्ठ्यावर लिहून दांडीला तारेने बांधा, सुतळीने नव्हे. माझी सुतळी एकदा तुटली. गाडी दोनच मिनिटे थांबली आणि सायकल पुढे गेली. ऐन ईदच्या सीझनचे तीन दिवस कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन फिरलो. उधारीची गिऱ्हाइके तर दुसऱ्यानेच गाठली! पावती जपून ठेवली होती म्हणून सायकल परत मिळाली.