खोक्यातले मखर

द्राक्षांची रिकामी खोकी कोठे ठेवावीत, हा आम्हा सायखेड्याच्या बायकांचा दरसालचा प्रश्न आहे. आमचे गाव निफाड तालुक्यातले, गोदावरीच्या काठचे. पलीकडच्या तीराला चांदोरी, मध्ये पूल आणि चहूंकडे द्राक्षांचे मळे. परदेशी जाणारा माल भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून रवाना होतो आणि उरलीसुरली खोकी मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत येऊन पडतात. ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल,’ असे म्हणून आपण जे जे ठेवतो, त्यातले बहुतेक कधीच उपयोगी पडत नाही. ही खोकी मात्र पडली. कशी, ते सांगते.

4 ऑगस्ट 2019 चा रविवार आमच्याकडे कोणी विसरणार नाही. वर पाऊस कोसळत होता, गंगापूर धरणातून पाणी सुटत होते आणि गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) महापूर आला. आम्ही मुलांना आणि आत्याबाईंना घेऊन वेळीच मळ्यात गेलो, म्हणून माणसे सुखरूप राहिली. पाणी ओसरल्यावर दार उघडले, तो घरात घोटाभर चिखल. धान्य गेले, गाद्या गेल्या, मुलांची पुस्तके गेली. आत्याबाई कशालाच काही बोलल्या नाहीत. फक्त माळ्याखाली ठेवलेले गणपतीचे लाकडी मखर पाहून त्या मटकन खाली बसल्या. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला मामंजींनी ते करवून घेतले होते. लाकूड फुगून त्याचे सांधे उकलले होते. खांब वाहून गेले होते. कमानीची महिरप तेवढी कशीबशी धड होती.

गणेशचतुर्थी 2 सप्टेंबरला, म्हणजे पुरत्या चार आठवड्यांवर आलेली. नवे मखर घेण्याजोगी त्या महिन्यात कोणाचीच स्थिती नव्हती. थर्माकोलच्या सजावटीला राज्यात मार्च 2018 पासून बंदीच आहे आणि नदीकाठी राहणाऱ्याला तिचे कारण समजावून सांगावे लागत नाही. थर्माकोल कुजत नाही. पुलाला अडकलेल्या पानवेलीत त्याचे तुकडे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहेत. आणि इथून सुटले, की पुढे नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय, जिथे दूरदेशीचे पक्षी हिवाळ्याला येतात. तो जलाशय तर 2020 साली रामसर यादीत गेला, महाराष्ट्रातून पहिलाच.

“आई, मळ्यातल्या खोक्यांचे मखर करू या का?” आमच्या चिरंजिवांनी विचारले. तेव्हा ते सातवीत होते.

“खोक्यात का कुठे देव बसवायचा असतो?” आत्याबाई म्हणाल्या. “त्यापेक्षा नुसत्या पाटावर बसव. तो काही रागवायचा नाही.”

तरी आम्ही उद्योग आरंभला. पहिले मखर दुसऱ्याच दिवशी वाकले! तेव्हा कोठे मी पुठ्ठा नीट पाहिला. दोन सपाट पदर आणि त्यांच्यामध्ये नागमोडी तिसरा, अशी त्याची घडण असते. 1856 साली इंग्लंडात असा नागमोडी कागद टोप्यांच्या अस्तरासाठी निघाला आणि 1871 साली अमेरिकेत तो काचेच्या बाटल्या गुंडाळावयास वापरू लागले. सारा जोर त्या नागमोडीत. तिच्या नळ्या उभ्या राहिल्या तर पुठ्ठा खांबासारखा भार पेलतो. आडव्या ठेवल्या तर बसकण मारतो. आमचे खांब आडव्या नळ्यांचे होते. चूक कळल्यावर पुढचे सोपे झाले.

मैत्रिणींनो, तुमच्या शहरातल्या घरी द्राक्षांची खोकी नसतील. पण मिक्सरचे, पंख्याचे, पुस्तकांचे खोके असतेच. कोपरे न चेपलेले, कोरडे खोके निवडा. पिना उपटा, चिकटपट्टी सोलून काढा. खांबांसाठी नळ्या उभ्या येतील असे तुकडे कापा. पाठीसाठी दोन तुकडे एकमेकांवर असे चिकटवा, की एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील. मग ते पाट्याखाली रात्रभर दाबून ठेवा. सकाळी फळीसारखे ताठ निघतात. गोल वळवायचे असेल, तर एका बाजूचा सपाट पदर सोलून काढा.

चिकटवण्यासाठी घरची खळ उत्तम. एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा. झुरळे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. पण तो विषारी, तेव्हा भांडे वेगळे ठेवा आणि मुलांचे हात धुववा. खळ पातळच लावा. जास्त झाली, की पुठ्ठा ओला होऊन वाकडा होतो. वरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या, त्यावर गेरू आणि कडेला जुन्या साडीचे काठ, की खोक्याची ओळखही राहत नाही.

कमानीपाशी आम्ही अडलो. हाताने काढलेली महिरप काही केल्या दोन्ही बाजूंनी सारखी येईना. आत्याबाई बराच वेळ नुसत्या पाहत होत्या. मग उठल्या आणि जुन्या मखराची ती धड राहिलेली महिरप घेऊन आल्या. पुठ्ठ्यावर ठेवून नातवाला म्हणाल्या, “पेन्सिल फिरव रे हिच्याभोवती. मी धरते.” थरथरत्या हातांनी त्यांनी ती धरून ठेवली आणि मामंजींची महिरप द्राक्षांच्या खोक्यावर उतरली. खोक्यात देव बसतो का, हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

त्या हुरुपाने दिवाळीला आकाशकंदीलही केला. चौकोनी खोक्याच्या चारी बाजूंना दोन बोटे कड राखून खिडक्या कापल्या, आतून पतंगी कागद लावला, खाली झिरमिळ्या सोडल्या. हवेसाठी पाडलेली भोके तशीच ठेवली. त्यांतून प्रकाशाचे ठिपके भिंतीवर पडतात. आत एलईडीचा लहान दिवा. पणती मात्र पुठ्ठ्यात कधीही ठेवू नये. पण त्या साली दिवाळीतही पाऊस आला! धनत्रयोदशीच्या रात्री अंगणात टांगलेला कंदील सकाळी ओल्या पोतेऱ्यासारखा लोंबत होता. पुठ्ठ्याचे पदर कारखान्यातही खळीसारख्या स्टार्चनेच चिकटवतात. पाणी लागले, की ते सुटणारच. लक्ष्मीपूजनाला दुसरा केला, त्यावर मेणबत्ती घासली आणि तो पडवीत टांगला. तो टिकला.

पुठ्ठ्याचे मखर दोन-तीन वर्षे चालते, मग नवे करावे लागते. जुने भिजवून, फाडून आम्ही शेणखताच्या खड्ड्यात टाकतो. महिरपीचा साचा मात्र लाकडीच आहे. तो आता माळ्याखाली नसतो. माळ्यावर, पुराचे पाणी पोचणार नाही अशा जागी, साडीच्या घडीत बांधून ठेवला आहे. गणपती जवळ आले, की आत्याबाई विचारतात, “यंदा खोकी किती उरली गं?”