अस्तराच्या बाजूने

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘व्ही अँड ए’मध्ये, जुन्या पोशाखांसमोर थोडा वेळ थांबलं की दोन प्रकारचे प्रेक्षक ओळखू येतात. बहुतेक जण काचेपुढे उभे राहतात, झगा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात, पाटी वाचतात आणि पुढे सरकतात. दुसऱ्या प्रकारचे लोक खाली बसतात. घेराची दुमड कशी घातली आहे ते बघायला मान वाकडी करतात, मुंढ्याशी बाही जिथे जोडली आहे तिथे नजर रोखतात, झग्याची पाठ दिसेल अशी जागा शोधतात आणि चुण्या कुठल्या बाजूला वळवल्या आहेत त्याचं चित्र पेन्सिलीनं वहीत काढून घेतात. घरी जाऊन त्यांना तसाच झगा शिवायचा असतो.

दालनात उजेड अंधुक असतो. जुन्या कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू द्यायचा नाही, असा संग्रहालयांचा प्रघात आहे, कारण प्रकाशानं रंग उडतो आणि रेशमाचा धागा कुजतो. त्या उजेडात काळ्या कापडावरचा काळा टाका शोधायचा म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. तरी ही मंडळी तासन् तास तिथे रमतात आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा येतात.

यांतले थोडे नाटक-सिनेमासाठी काम करतात. बाकीच्यांची पोटं दुसऱ्याच कशावर तरी चालतात. कुणी शाळेत शिकवतं, कुणी रुग्णालयात पाळ्या करतं, कुणी दिवसभर हिशेब तपासतं. शिवण होतं ते रात्रीची जेवणं उरकल्यावर, जेवणाच्याच टेबलावर, आणि सकाळच्या न्याहारीआधी सगळं घडी करून उचलावं लागतं. त्यामुळे कामाची विभागणी आपोआप होते. कापड बेतायला अख्खी फरशी मोकळी हवी, म्हणून ते रविवारी. अंगावर बेतून टाचण्या लावायला दुसरं माणूस हवं, म्हणून ते मैत्रीण येईल तेव्हा. बाह्यांच्या कडा, हेम, दोरी ओवायची छिद्रं असली बारीकसारीक कामं पिशवीत मावतात, ती आगगाडीत होतात. सप्टेंबरात बाथ शहरात जेन ऑस्टेन महोत्सव भरतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पोशाख घातलेली माणसं तिथे रस्त्यांतून मिरवत जातात. ती तारीख जवळ आली की भरतकाम, विणकाम, कांद्याच्या सालींत सूत रंगवणं हे बाकीचे छंद बाजूला पडतात.

या सगळ्यांच्या घरात एक नाव हमखास भेटतं, जॅनेट आर्नल्ड. १९३२ साली जन्मलेल्या या इंग्रज बाईनं आयुष्यभर संग्रहालयांतले कपडे उलटेसुलटे करून मोजले. ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या तिच्या मालिकेचं पहिलं पुस्तक १९६४ साली आलं. त्यात प्रत्यक्ष टिकून राहिलेल्या कपड्यांचे नकाशे आहेत. चौकटींच्या कागदावर, मूळ मापाच्या एक अष्टमांश आकारात, प्रत्येक तुकडा, प्रत्येक चुणी आणि कापड कमी पडलं म्हणून लावलेला प्रत्येक जोड त्यात दाखवलेला आहे. पुढे तिनं फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातल्या लोकांना ज्या कपड्यांत पुरलं होतं, ते जीर्ण कपडेही मोजून रेखाटले. १९९८ साली ती गेली. लिननच्या सदऱ्यांवरचा तिचा अपुरा राहिलेला चौथा खंड जेनी तिरामानी आणि सांतिना लेव्ही यांनी पुरा करून २००८ साली प्रसिद्ध केला. तिरामानी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहासाठी कपडे करत. शेक्सपिअरच्या काळातल्या पद्धतीनं शिवलेल्या त्यांच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या पोशाखांना २०१४ साली ब्रॉडवेचं टोनी पारितोषिक मिळालं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठपट मोठा करून घेतलेला आर्नल्डचा नकाशा पसरला की कामाला खरी सुरुवात होते.

समजा, १७७० च्या आसपासचा झगा शिवायचा आहे. तरी पहिला हात झग्याला लागत नाही, आतून बाहेर जावं लागतं. सगळ्यांत आधी शिफ्ट, म्हणजे अंगालगतचा सैल लिननचा सदरा. तो बेतताना कातरीला फारसं वळण घ्यावं लागत नाही. सगळे तुकडे चौकोनी नाहीतर त्रिकोणी. घेर वाढवायला बाजूंना तिरक्या कळ्या, हात वर करता यावा म्हणून बगलेत चौकोनी तुकडा. आपल्याकडच्या जुन्या अंगरख्याच्या, सदऱ्याच्या बगलेतही हा तुकडा असतो. हाताने विणलेलं कापड महाग, त्याची चिंधीही वाया जाऊ द्यायची नाही, या एकाच गरजेतून दोन्हीकडच्या शिंप्यांना तीच युक्ती सुचलेली दिसते. शिवणयंत्र १८५० नंतर घरोघर जाऊ लागलं. त्याआधीचं सगळं हातानं, म्हणून इथेही हातानंच. लिननचा दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, मधल्या बोटात अंगुस्तान चढवायचं आणि इंचाला आठ-दहा टाके घालत जायचं.

मग येते बांधीव चोळी. कॉर्सेटच्या आधीचा हा प्रकार. कापडाच्या दोन-तीन थरांत उलटी टीप घालून अरुंद नळ्या करायच्या आणि त्यांत पट्ट्या सरकवायच्या. तेव्हा त्या देवमाशाच्या तोंडातल्या बलीनच्या असत. आता खास त्यासाठी केलेलं प्लॅस्टिक मिळतं. हात तंग असलेली मंडळी हार्डवेअरच्या दुकानातून जाड केबल टाय आणून कापतात आणि तेही चांगलं काम देतात. दोरी ओवायची छिद्रं कातरीनं पाडायची नाहीत. आरीनं धागे न तोडता बाजूला सारायचे आणि भोवती दोऱ्यानं गच्च वेढे घ्यायचे. कापडाचा एकही धागा तुटत नाही, म्हणून ताण पडला तरी छिद्र फाटत नाही. हे पुस्तकात वाचून कळतं, पण दहावं-बारावं छिद्र भरताना बोटांना त्याचं कारण पटतं.

चोळी घालून दोन-तीन दिवस घरात वावरलं की आणखी बऱ्याच गोष्टी पटतात. त्या काळातल्या बायका सदा गुदमरत, बेशुद्ध पडत, असा समज सर्रास आहे. पण बेतशीर चोळी श्वास कोंडत नाही. छातीला आणि पाठीला आधार देते, जड परकरांचे बंद कमरेत काचू देत नाही. वाकायचं मात्र पाठीतून नाही, खुब्यातून. जुन्या चित्रांतल्या मोलकरणी बादली उचलताना ज्या ठेवणीत दिसतात, तीच ठेवण भांडी घासताना आपोआप अंगात येते.

हे कळायला नवा कपडा शिवण्यावाचून गत्यंतर नाही. बाथचं पोशाख-संग्रहालय १९६३ साली सुरू करणाऱ्या डोरिस लँगली मूर यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकासाठी अस्सल जुने कपडे जिवंत बायकांना घालून त्यांची छायाचित्रं काढली होती. आज असं करायला कुठलंही जबाबदार संग्रहालय तयार होणार नाही, आणि ते योग्यच आहे. एकदा घातल्यानंही घाम लागतो, शिवण ताणली जाते, दोनशे वर्षांचं रेशीम चिरतं. अस्सल कपडा पेटीतच राहायला हवा. त्यात शरीर कसं वागत होतं ते त्याची नक्कल शिवून घालणारे सांगू शकतात, आणि अशा कामाला ‘हौस’ म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

झग्याचं कापड निवडताना संग्रहालयाची वारी पुन्हा करावी लागते. दरबारी रेशमं टिकली, जपली गेली. गरीब बायकांचे कपडे विटले, मुलांच्या झबल्यांत गेले, शेवटी पोतेऱ्यात संपले. त्यांची खूण टिकली ती एका विलक्षण जागी. थॉमस कोरमनं १७३९ साली लंडनमध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल हा टाकलेल्या मुलांसाठीचा आश्रम स्थापन केला. आई मूल सोडून जाई तेव्हा पुढे ओळख पटावी म्हणून कापडाचा एक तुकडा नोंदीच्या कागदाला टाचला जाई. कधी बाळाच्या अंगावरच्या कपड्यातून तो कापलेला असे, कधी आईनं दिलेला. असे सुमारे ५,००० तुकडे त्या कागदांच्या वह्यांत राहिले आहेत. इतिहासकार जॉन स्टाइल्स यांनी २०१० साली त्यांचं प्रदर्शन मांडलं. फुलांच्या छापाचं कापड, चौकड्या, फितीचा तुकडा, लोकरीची पट्टी. वह्यांत मिटलेले असल्यानं रंग आजही ताजे आहेत. १७४१ ते १७६० या काळात आश्रमानं १६,२८२ मुलं घेतली, त्यांतली १५२ परत नेली गेली. पुढे १७६७ साली सारा बेंडर नावाच्या बाईनं आपला मुलगा चार्ल्स तिथे सोपवला. तेव्हा गोधडीसारख्या जोडलेल्या तुकड्यांच्या पट्टीवर भरलेलं बदाम मधोमध कापून अर्धं तिथे ठेवलं गेलं. १७७५ साली चार्ल्स आपल्या आईकडे परत गेला.

या तुकड्यांकडे शिवणारी बघते ते कापड म्हणूनही. छापील तुकड्यांत निव्वळ सुती फारसे नाहीत. लिनन आहे, नाहीतर लिननचा ताणा आणि सुताचा बाणा असलेलं मिश्र कापड. त्याला कारण आहे. भारतातल्या छापील आणि रंगवलेल्या सुतापुढे इंग्लंडमधले लोकर आणि रेशमाचे विणकर टिकेनात, तेव्हा पार्लमेंटनं कायदा करून १७२२ पासून छापील सुती कपडा अंगावर घालायलाच बंदी केली. ती १७७४ साली उठली. मधल्या काळातल्या कामकरी बाईचा झगा शिवायचा तर लिननवरचा छाप शोधावा लागतो. आणि बंदीआधीचा श्रीमंती झगा करायचा तर मच्छलीपट्टणच्या कारागिरांपर्यंत जावं लागतं. ते तुरटी आणि लोखंडाच्या पाण्यानं रेघा काढत, चायमुळाच्या रंगात कापड उकळून लाल आणि जांभळा उठवत, आणि बाकीचं मेणानं झाकून निळीत बुडवत. धुवून धुवूनही न उतरणारा तो रंग पाहून युरोप वेडा झाला होता.

आजही या छंदाचं पुष्कळसं कापड आपल्याकडूनच जातं. जयपूरचं ठशांचं सुती कापड तर जातंच, पण १८१० च्या धाटणीच्या उंच कमरेच्या झग्यासाठी जुन्या साड्याही विकत घेतल्या जातात. काठ घेराला येईल असं बेतलं की विणलेली किनार आयती मिळते. साडी कातरलेली पाहून आपल्याला कसंसं होतं खरं. पण त्या काळी बंगालची तलम, भरतकामाची मलमल इंग्लंडात जाऊन अशीच झग्यांत बेतली जात होती. डुपियन रेशमाला मात्र जाणकार हात लावत नाहीत. त्यातल्या गाठी आज शोभेच्या वाटतात, अठराव्या शतकातल्या विणकराला तो दोष वाटला असता.

किती कापड, कशाला, किती किमतीला, याचा जमाखर्च हवा असेल तर बार्बरा जॉन्सनची वही आहे. पाद्र्याच्या या मुलीनं १७४६ साली, वयाच्या आठव्या वर्षी, हिशेबाच्या एका जुन्या वहीत आपल्या कपड्यांचे तुकडे चिकटवायला घेतले आणि १८२३ पर्यंत ते चालू ठेवलं. शेजारी वर्ष, किती वार घेतलं आणि वाराचा भाव. ‘व्ही अँड ए’त असलेली ही वही पाहताना एका बाईची जवळपास सगळी हयात तिच्या कपड्यांतून पुढून जाते.

कपडे टिकलेच नाहीत तिथे काय करायचं, याचा धडा कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया यांच्या कामात मिळतो. ‘आम्रपाली’ या चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भिंतींवरून वस्त्रं उचलली. चित्रातल्या वस्त्राला शिवण नसते, गाठ कुठे ते दिसत नाही. ते सगळं नटीच्या चालत्या-नाचत्या अंगावर सोडवावं लागतं. ‘गांधी’साठी १९८३ साली त्यांना जॉन मॉलो यांच्यासह ऑस्कर मिळालं.

परत टेबलावरच्या झग्याकडे. मांजरपाटाचा कच्चा नमुना अंगावर बसला की लिननचं अस्तर बेतायचं आणि त्यावर रेशीम. पाठीवर मानेपासून जमिनीपर्यंत अखंड पट्टा चुण्या घालून अस्तरावर शिवायचा. कमरेशी चुण्या चिमटायच्या आणि खाली मोकळ्या सोडायच्या. रेशमाचा पन्हा तेव्हा जेमतेम २० इंच, म्हणून जोड पुष्कळ. नवख्यांना धक्का बसतो तो इथे. परकराच्या लांब शिवणींत मोठाले, घाईचे धावदोरे. शिवणारणीला ठाऊक होतं की शिलाई स्वस्त आहे, रेशीम महाग. चार-पाच वर्षांत फॅशन बदलली की हा झगा उसवून त्याचा दुसरा होणार. म्हणून उसवायला सोपं ठेवलं. समोरून झगा बंद करायला बटणं नाहीत, साध्या टाचण्या.

हे टाके बघायची नवी सोय मे २०२५ मध्ये झाली. पूर्व लंडनच्या ऑलिंपिक पार्कात ‘व्ही अँड ए’नं आपलं कोठार सगळ्यांना खुलं केलं. तिथल्या वस्तूंतून पाचपर्यंत निवडायच्या, निदान दोन आठवडे आधी कळवायचं, आणि ठरल्या दिवशी त्या टेबलावर मांडून ठेवलेल्या मिळतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत, पदवी किंवा शिफारसपत्र लागत नाही. शिवणाऱ्यांच्या यादीत भरजरी दरबारी झगा असतोच असं नाही. कमरेला बांधायचा भरतकामाचा खिसा मागवला जातो, कारण तो चार-पाच संध्याकाळींत शिवून होतो. थिगळं लावलेली शिफ्ट मागवली जाते. आणि एका बाजूनं उसवलेली चोळी मिळाली तर फारच उत्तम. उघड्या शिवणीतून अस्तराचे थर मोजता येतात, पट्ट्या कशाच्या आहेत ते दिसतं, आणि दुमडीच्या आत उजेड न लागलेल्या रेशमाचा मूळचा रंगही सापडतो.