जनुक आहे, आजार नाही: मोयामोयाची गंमत

नाव गोड, काम वाईट. ‘मोयामोया’ हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ विकार. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या कवटीच्या तळाशी हळूहळू अरुंद होतात आणि रक्त बारीकसारीक वाहिन्यांमधून वाट काढतं. अँजिओग्राफीत हे जाळं धुरासारखं दिसतं, म्हणून जपानच्या तोहोकु विद्यापीठातल्या सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९मध्ये ‘धुरकट’ अशा अर्थाचं हे जपानी नाव रूढ केलं.

कारण काय? २०११मध्ये जपानी संशोधकांनी १७व्या गुणसूत्रावरचं आरएनएफ२१३ हे जनुक हेरलं. त्यातला एक ठरावीक बदल बहुतेक जपानी रुग्णांत सापडतो. आरोपी सापडला म्हणायचं, तर पंचाईत अशी की हाच बदल जपानमध्ये शंभरातल्या एक-दोन धडधाकट माणसांतही असतो! त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काहीही होत नाही. म्हणजे जनुक एकटं पुरत नाही, दुसरा कुठलातरी धक्का लागतो. तो कोणता, हे कोडं अजून सुटलेलं नाही. आईवडील दोघांकडूनही हा बदल आला, तर मात्र आजार लवकर आणि जोरात येतो.

बायकांना हा आजार पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. वयाचे टप्पेही दोन: एकदा शाळकरी वयात, एकदा चाळिशीच्या आसपास. मधल्या काळात तुलनेने शांतता. का कोण जाणे!

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे गरम नूडल्सवर फुंकर मारताना, हमसून रडताना किंवा फुंकून वाजवायचा बाजा वाजवताना हा आजार असलेल्या मुलाचा एक हात थोडा वेळ लुळा पडू शकतो. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या वाहिन्या आकसतात आणि आधीच तोकडा असलेला रक्तपुरवठा आणखी कमी पडतो.

इलाजही भन्नाट. डोक्याच्या त्वचेतली धमनी मेंदूच्या धमनीला जोडतात, किंवा नुसती मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून देतात. काही महिन्यांत तिथून नव्या वाहिन्या फुटतात.

जनुकातल्या या बदलाशिवायही धमन्यांची हीच गत होऊ शकते. डाउन सिंड्रोम, न्यूरोफायब्रोमॅटोसिस, डोक्याला दिलेलं रेडिएशन आणि विदर्भ-नंदुरबारला चांगलाच ठाऊक असलेला रक्ताचा आजार सिकल सेल ही त्यातली काही कारणं. सिकल सेल अ‍ॅनिमिया असलेल्या मुलांची २ ते १६ या वयात दरवर्षी मेंदूच्या धमन्यांची डॉपलर तपासणी करावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. सुई नाही, भूल नाही. घरात असं मूल असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना नक्की विचारा.