पानाच्या डाव्या बाजूचे रताळे

दिवाळीच्या पानात कोणाचा मान किती, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरून गेले आहे. श्रीखंड-पुरी मधोमध मिरवते, बटाट्याची भाजी उजव्या हाताला हक्काने बसते, आणि डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, लिंबाची फोड अशी मंडळी आपापली जागा धरून असतात. या दाटीत रताळ्याला कोणी विचारत नाही. बिचाऱ्याने दहा दिवस थांबायचे. पाडवा होतो, भाऊबीज होते, फराळाचे डबे तळाला जातात, आणि मग कार्तिकी एकादशी आली की घरोघर त्याची आठवण होते. एकादशी सरली की पुन्हा महाशिवरात्रीपर्यंत त्याचे नाव नाही!

मी मूळची पुण्याची. माहेरी रताळे म्हणजे उपासाचा कीस किंवा साखरेच्या पाकातल्या फोडी, एवढीच ओळख. लग्न होऊन कंधारला आले तेव्हा या कंदाचा खरा मान पाहिला. कंधार हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, नांदेडहून पन्नासेक किलोमीटरवर. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे गाव ते. त्याच्या भुईकोट किल्ल्याभोवती खंदक आहे, आणि गावाजवळच्या जुन्या तळ्याला जगत्तुंग समुद्र असे भारदस्त नाव आहे. भोवती बालाघाटाच्या डोंगरांच्या सोंडा. रताळ्याला काळी चिकण जमीन मानवत नाही. तिच्यात ते वेडेवाकडे, गाठाळ पोसते. हलकी, पाण्याचा निचरा होणारी जमीन मिळाली की मात्र सरळ, भरदार होते. पावसाळ्याच्या तोंडाशी वेलाचे तुकडे सरी-वरंब्यावर लावायचे आणि चारेक महिन्यांनी खणायचे. म्हणजे हिशेब बरोबर दिवाळीवर येतो. निसर्गाने ते दिवाळीच्या पानासाठीच दिले आहे. आपण त्याला एकादशीपर्यंत ताटकळत ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल, रताळे तर उपासाचे, शुद्ध सात्त्विक, आपल्या ऋषिमुनींच्या कंदमुळांतले! ऐकून नवल वाटेल, पण हे कंदमूळ मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज दर्यावर्दींबरोबर ते आपल्याकडे आले. कुंपणावर चढणारी गणेशवेल त्याच्याच कुळातली. ‘रताळे’ हा शब्द कोशकार ‘रक्तालु’ या संस्कृत शब्दाशी जोडतात. कंद परदेशी, नाव मात्र घरचे. गंमत अशी की ‘बटाटा’ हा शब्द खरा रताळ्याचाच. कॅरिबियन बेटांतले लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला आणि पुढे भलत्याच कंदाला चिकटवला. नावही गेले आणि पानातली उजवीकडची जागाही गेली!

उपासाच्या ताटाकडे या दृष्टीने एकदा बघाच. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो अमेरिकेतला, बटाटा तिथला, शेंगदाणा तिथला, हिरवी मिरचीही तिथलीच. आमच्या मराठवाड्यात जिला भगर म्हणतात ती वरी तेवढी आपली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे मी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “असंना का! पांडुरंगाला चालतंय, मग आपलं काय जातंय?” या उत्तरावर माझ्याकडे बोलायला काही उरले नाही.

आत्याबाईंच्या घरात एकादशीला गुळातल्या रताळ्याच्या चकत्या करण्याची रीत होती. चाळीस वर्षे त्यांनी ती मोडली नव्हती. मग मामंजींना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर, गूळ, साबुदाणा यांवर लाल रेघ मारली. मामंजी वारकरी माणूस. एकादशी सोडणे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. ते मला म्हणाले, “सूनबाई, विठोबानं उपास सांगितलाय, साखर नाही सांगितली. पण रताळं सोडायचं मला जमायचं नाही बघ.” इकडे आत्याबाईंचे डोळे भरून आलेले. सणाच्या दिवशी नवऱ्याच्या पानात गोड नाही, हे त्यांच्या मनाला सोसेना. घरात तीन-चार दिवस कोणी मोकळेपणाने बोलत नव्हते. प्रश्न एका चकतीचा दिसत होता; खरे पाहता घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्याच पंक्तीत परके वाटू द्यायचे की नाही, याचा तो होता.

मी डॉक्टरांना पुन्हा विचारले आणि थोडे वाचलेही. त्यातून जे कळले ते प्रत्येक गृहिणीला उपयोगी आहे. चुलीच्या फुफाट्यात पुरून भाजलेले रताळे इतके गोड का लागते? रताळ्यात एक विकर असते. साधारण ६० ते ७५ अंश उष्णतेत ते कंदातल्या पिठाचे साखरेत रूपांतर करते. फुफाट्यात रताळे सावकाश तापते, त्या टप्प्यात बराच वेळ राहते आणि मधासारखे होते. भाजताना पाणीही आटते, त्यामुळे गोडी आणखी दाटते. उकळत्या पाण्यात ते हा टप्पा लवकर ओलांडते, आणि गोडी कमी उतरते. उकडलेल्या रताळ्याने रक्तातली साखर भाजलेल्यापेक्षा सावकाश चढते, असे अभ्यासांतही दिसून आले आहे. म्हणजे जिभेला जे जास्त भावते तेच मधुमेह्याला जास्त जड!

डॉक्टरांनी वाट काढून दिली ती अशी: एक मध्यम रताळे, तेही उकडून, बरोबर दही आणि दाण्याचे कूट, साबुदाणा आणि बटाटा त्याच्या जोडीला नाही. मी दह्यातले भरीत केले. आत्याबाई आधी दुरूनच बघत होत्या. “काय करायलीस गं?” म्हणून पुढे आल्या, चव घेतली, काही न बोलता माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि तुपात जिरे आणि मिरची घालून स्वतः फोडणी दिली. मामंजींनी भरीत दोनदा मागितले; दुसऱ्या वेळी आत्याबाईंनी निम्मेच वाढले. पुढे चकत्या करणे त्यांनी सोडले नाही, पण मामंजींच्या पानात देवाच्या नैवेद्यातली एकच चकती, आणि पोट भरायला भरीत, अशी तोड त्यांनीच काढली. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. मधुमेहाची औषधे चालू असताना उपास धरायचा तर गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. माझ्या लेखावर विसंबून कोणी ते ठरवू नये.

आता भरिताची कृती. चार-पाच माणसांना डावीकडचे वाढायला अर्धा किलो रताळी पुरतात. ती धुऊन सालासकट, अख्खी, बुडतील इतक्या पाण्यात झाकण ठेवून उकडावीत. मध्यम आकाराच्या रताळ्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सुरी सहज आत गेली की उतरवावीत. कुकरच्या शिट्ट्यांनी त्यांचा लगदा होतो, तेव्हा तो मोह टाळावा. निवल्यावर साल काढून हाताने जाडसर कुस्करावीत. दीड वाटी गोडसर दही मीठ घालून घुसळून घ्यावे, त्यात दोन मोठे चमचे दाण्याचे कूट आणि कुस्करलेले रताळे मिसळावे. वरून तुपाची, जिऱ्याची आणि दोन हिरव्या मिरच्यांची फोडणी. दिवाळीच्या जेवणात उपासाचे बंधन नसते, तेव्हा मोहरी, हिंग आणि कढीपत्ता फोडणीत घालावा. चव पार पालटते. दही मात्र पाने घेताना घालावे. आधी घालून ठेवल्यास पाणी सुटते.

ज्यांना गोड वर्ज्य नाही त्यांच्यासाठी आत्याबाईंच्या चकत्या. अर्धा किलो रताळी सोलून बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या कराव्यात आणि लगेच पाण्यात टाकाव्यात, म्हणजे काळ्या पडत नाहीत. पसरट पातेल्यात तीन चमचे तुपावर त्या परताव्यात, पाव वाटी पाण्याचा हबका मारून मंद आचेवर झाकण ठेवावे. दहा-बारा मिनिटांत मऊ होतात. मग पाऊण वाटी चिरलेला गूळ घालावा. गूळ आधी घातला तर चकत्या कडक राहतात, शिजता शिजत नाहीत. ही एक गोष्ट सांभाळली की बाकी सगळे जमते. पाक चकत्यांना धरू लागला की वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ आणि वाढताना लिंबाचे चार थेंब.

धाकट्या वन्सं न्यू जर्सीत असतात. त्यांच्या पत्रातून कळले की तिकडे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला रताळ्याची साखर-लोण्यातली भाजी मुख्य पक्वान्नाच्या शेजारी हमखास असते. त्यांनी आत्याबाईंच्या चकत्या करून शेजाऱ्यांकडे नेल्या. शेजारणीने म्हणे वेलदोड्याबद्दल विचारून विचारून हैराण केले!

बाजारातून आणताना मध्यम, टणक, सारख्या जाडीची रताळी निवडावीत. बारीक भोके पडलेले रताळे घेऊ नये. सोंड्या भुंग्याच्या अळीने पोखरलेला कंद कडू होतो, आणि तो कडूपणा शिजवूनही जात नाही. असे रताळे सरळ टाकून द्यावे. घरी आणल्यावर माती तशीच राहू द्यावी, टोपलीत हवेशीर ठेवावीत. फ्रिजमध्ये कच्ची रताळी ठेवू नयेत. थंडी त्यांना सोसत नाही. आतला गाभा शिजवला तरी टणकच राहतो.

बाहेरून लाल आणि आत पांढरी अशी आपली नेहमीची जात. पण हल्ली आतून केशरी असलेल्या जातीही आल्या आहेत. गाजरासारखा हा केशरी रंग शरीरात अ जीवनसत्त्व देतो. आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या आहारात अशी रताळी रुजवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही केशरी आणि ‘भू कृष्णा’ ही जांभळी जात काढली आहे. मुलांच्या पानात असा रंग दिसला तर तीही नाक मुरडणार नाहीत.

कंधारच्या आठवडी बाजारात रताळी घेऊन बसणाऱ्या एका बाईंना मी विचारले होते, दिवाळीत एवढा माल आणता, खपतो का? त्या म्हणाल्या, “एकादशीच्या आदल्या दिशी उभं राहायला जागा नसती, बाई. दुसऱ्या दिशी कुणी वळून बघत बी नाही.” चार महिने शेतात राबायचे आणि भाव मिळायचा वर्षातले दोन दिवस, असा हा व्यवहार. आपण शहरातल्या बायकांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल: यंदा पाडव्याच्या बाजारहाटीच्या यादीत बटाट्याच्या खाली अर्धा किलो रताळी लिहायची. डाव्या बाजूला कोशिंबिरीशेजारी वाटीभर भरिताला जागा होतेच. आणि घरात साखर मोजून खाणारे कोणी असेल, तर त्यांच्या पानात ते सगळ्यांत आधी वाढावे.