काळी कोंबडी आणि सोन्याचे अंडे

कोंबडीची पिसे काळी असली, तर त्यात नवल ते काय? पण तुरा काळा, चोच काळी, जीभ काळी, पंजे काळे, मांस काळे आणि हाडेसुद्धा काळसर! ब्रह्मदेवाच्या हातून शाईची दौत कलंडली की काय, अशी शंका मला हा पक्षी पाहून येते. रक्त मात्र तुमच्याआमच्यासारखे लाल आणि अंडे फिकट बदामी!

हीच ती कडकनाथ. मध्य प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या हद्दीशी झाबुआ आणि अलीराजपूर हे डोंगराळ जिल्हे आहेत. तेथल्या भिल्ल-भिलाला कुटुंबांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. ते तिला ‘काली मासी’ म्हणतात. मासी म्हणजे मावशी नव्हे बरे, मांस! दिवाळी सरली की देवीपुढे बळीचा मान हिचाच.

संसाराला ही कोंबडी फार सोशिक. अंगणात वेचून खाते, ऊन-थंडी सोसते. पण घाई तिला ठाऊक नाही. ब्रॉयलर सहा आठवड्यांत २ किलोचा होतो. हिला दीड किलो भरायला पाच-सहा महिने लागतात. अंडी वर्षाला सुमारे ८० ते १००. त्यातून बाईसाहेब सहसा खुडूक बसत नाहीत. अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात.

२०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा बोलबाला झाला. चरबी कमी, प्रथिने अधिक, एवढे खरे. पण लोकांनी तिला सर्व रोगांवरचे औषधच करून टाकले. कोंबडी ती, धन्वंतरी नव्हे! ‘पिल्ले आम्ही देतो, अंडी चढ्या भावाने आम्हीच घेतो,’ अशा बोलीवर आपल्याकडच्या शेतकऱ्यांनीही पैसे गुंतवले. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे हा डोलारा कोसळला. खुराडी भरलेली, गिऱ्हाईक नाही, खाद्याला पैसा नाही. कित्येकांची पुंजी गेली.

मला दुसरीही एक काळजी वाटते. संकराचे पिल्लूही पुष्कळदा काळेच निघते; नुसत्या रंगावरून अस्सल जात ओळखता येत नाही. मागणी वाढली की भेसळ वाढते, आणि मग नाव उरते, कोंबडी जाते. म्हणून ज्यांच्या घरामागे चार हात जागा आहे, त्यांनी पिल्ले घ्यावीत ती झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून. चार कोंबड्या, एक कोंबडा पुरे.

सोन्याचे अंडे गोष्टीत शोभते. कडकनाथ बदामी अंडे देते. घरच्या पोरांना ते पुरते, आणि झाबुआच्या भिल्लांनी तिच्याकडून एवढेच मागितले, म्हणून ती टिकली.