परगावची परिचर्याशाळा आणि मध्येच शाळा बदलण्याचा प्रश्न

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. येरळेच्या काठचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. पाऊस बेताचा आणि शेती बेभरवशाची. त्यामुळे घरातील एखाद्याने तरी पोटासाठी बाहेर पडावे, ही चाल येथे जुनी आहे. पूर्वी मुलगा मुंबईच्या गिरणीची वाट धरी. आज बारावीचा निकाल लागला की मुलीचीही ट्रंक भरली जाते, आणि पुष्कळदा ती परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, शिक्षणासाठी भरलेली असते. सातारा येथून पन्नास किलोमीटरांच्या आसपास, मिरज शंभराच्या आसपास. पुणे, बेळगाव, मुंबई त्याहून लांब. मुलगी जाते, आणि चारसहा महिन्यांत घरी निरोप येतो की येथे मन रमत नाही, किंवा प्रकृतीस मानवत नाही, किंवा खर्च झेपत नाही. साताऱ्याच्या शाळेत नाव घालता येईल काय?

घरच्या वडीलमाणसांना हा प्रश्न सोपा वाटतो. एका शाळेतून दाखला काढावा आणि दुसरीत नेऊन द्यावा, ही रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. सातवीतल्या मुलाचे तसे होते, मग हिचे का होऊ नये? परंतु परिचर्येच्या शिक्षणाला हा हिशेब लागू पडत नाही. ज्यांनी तो लागू धरला, त्यांच्या मुलीचे एक वर्ष, आणि कधी कधी सारे शिक्षणच, हातचे गेले आहे. याकरिता या शिक्षणाची घडण कशी झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे.

लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात 1860 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचर्याशाळा निघाली, तेव्हापासून या विद्येचे एक लक्षण कायम झाले. ती वर्गात जितकी शिकावयाची, त्याहून अधिक खाटेशेजारी उभे राहून शिकावयाची. आपल्याकडे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेस इस्पितळ उघडले, आणि दक्षिण महाराष्ट्रात या विद्येची ओळख होण्यास त्या इस्पितळाची मोठी मदत झाली. परंतु मध्यम वर्गातील घरांना आपली मुलगी रुग्णांच्या दालनात रात्रपाळीस उभी आहे, ही कल्पनाच सहन होत नसे.

ती कल्पना पचविण्याचे काम ज्या बाईंनी केले, त्या याच मुलखातल्या. रमाबाई रानडे यांचा जन्म 1862 सालचा, देवराष्ट्रे गावचा. देवराष्ट्रे त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. 1909 साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाल्यावर रमाबाईंनी विधवांना व मुलींना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, आणि ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची सोय लावून दिली. संस्थेच्या एका वार्षिक समारंभात लाल आलवण नेसलेली, केशवपन झालेली एक विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. रमाबाईंनी त्या मुलांची तेथल्या तेथे कानउघाडणी केली. मुलीला परगावी शुश्रूषा शिकण्यास पाठविणे, हे पाऊल आज साधे वाटते. ते साधे करण्यासाठी कोणाला तरी असे हसे सोसावे लागले आहे.

आता कायद्याकडे वळू. आरंभी प्रत्येक इस्पितळ आपापल्या मताप्रमाणे शिकवी आणि आपलाच दाखला देई. पुढे प्रांतवार कायदे झाले. मद्रासचा 1926 साली, मुंबई इलाख्याचा 1935 साली. तरीही एका प्रांतातील परिचारिकेची लायकी दुसऱ्या प्रांतात मानली जाईलच, अशी खात्री नव्हती. ही अडचण दूर करण्यासाठी स्वातंत्र्याच्याच वर्षी, 1947 साली, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. देशभर शिक्षणाचे एकच प्रमाण असावे, हा त्याचा हेतू. महाराष्ट्र राज्याचा स्वतंत्र परिचारिका कायदा 1966 सालचा. 1947 च्या कायद्याची जागा घेण्याकरिता संसदेने 2023 साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला.

या सर्व कायद्यांचा रोख नीट पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. शिक्षण पुरे करून परीक्षा उतरलेल्या आणि नोंदणी झालेल्या परिचारिकेला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाता यावे, यासाठी त्यांनी वाट करून दिली आहे. बेळगावास शिकलेली मुलगी कर्नाटकाच्या परिषदेकडे नोंदली गेली की पुढे रीतसर ना-हरकत घेऊन आपली नोंद महाराष्ट्राच्या परिषदेकडे आणू शकते. अर्ध्या शिक्षणावरील विद्यार्थिनीसाठी मात्र ही वाट अरुंदच राहिली आहे. पुरी घडलेली परिचारिका सहज हलते. अर्धी घडलेली हलत नाही. शाळा बदलू पाहणाऱ्या प्रत्येक घराने हे वाक्य आधी मनाशी घोकावे.

असे का व्हावे, याची कारणे समजण्यासारखी आहेत. पहिले कारण अभ्यासक्रम निरनिराळे असण्याचे. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे. जी.एन.एम. तीन वर्षांचा, त्याला बारावीत 40 टक्के गुण आणि इंग्रजी विषय लागतो, शाखा कोणतीही चालते. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन बारावीत 45 टक्के गुण असावे लागतात, मागास प्रवर्गांस त्यात सवलत असते. महाराष्ट्रात 2023 सालापासून या पदवीसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, घेतली जाऊ लागली. तेव्हा जी.एन.एम.चे एक वर्ष झाल्यावर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात बसता येईल, ही समजूत चुकीची आहे. जी.एन.एम. पुरे करून, नोंदणी करून, मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावयाची, हा राजमार्ग आहे.

दुसरे कारण परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे. राज्यातील बहुतेक बी.एस्सी. महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. हे विद्यापीठ 1998 साली स्थापन झाले. कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ हे अभिमत विद्यापीठ आहे आणि आपल्या परीक्षा आपणच घेते. कर्नाटकातील महाविद्यालयांची विद्यापीठे वेगळी. एकाच विद्यापीठातील दोन महाविद्यालयांत बदल करणे अवघड. विद्यापीठच बदलणे त्याहून पुष्कळ अवघड. कराड आणि सातारा नकाशावर जवळ असली, तरी परीक्षेच्या वहीत ती फार दूर असू शकतात.

तिसरे आणि खरे महत्त्वाचे कारण तासांचे. या शिक्षणात वर्गातील आणि रुग्णालयातील तासांची निरनिराळी नोंद ठेवली जाते. बी.एस्सी.च्या परीक्षेस बसण्यासाठी प्रत्येक विषयात 80 टक्के उपस्थिती लागते, आणि पदवी हाती पडण्यापूर्वी रुग्णालयातील कामाची उपस्थिती शंभर टक्के भरून काढावी लागते. 2021 साली राजपत्रात आलेल्या नव्या अभ्यासक्रमाने जुनी वार्षिक रचना जाऊन आठ सत्रे झाली. एका शाळेने शस्त्रक्रियेच्या दालनातील काम आधी दिलेले असते, तर दुसरीने समाज-आरोग्याचे. मध्येच आलेल्या मुलीच्या वाट्याचे कोणते तास झाले आणि कोणते राहिले, हे नव्या शाळेला कागदावरूनच ठरवावे लागते. जे कागदावर नाही, ते झालेच नाही असे धरले जाते.

चौथे कारण जागेचे. मंजूर जागांपलीकडे एकही विद्यार्थिनी घेण्याची मुभा शाळेला नसते. दुसऱ्या वर्षात जागा रिकामी होते ती कोणी शाळा सोडली तरच. तेव्हा जागा आहे काय, हा पहिला प्रश्न. बाकीचे सारे त्यामागून.

तरीही बदल करणे भाग पडलेच, तर क्रम चुकू देऊ नये. आधी नव्या संस्थेकडून रिकाम्या जागेविषयी लेखी उत्तर घ्यावे. नंतर ती जेथे शिकत आहे त्या संस्थेच्या प्राचार्यांकडे कारण स्पष्ट लिहून अर्ज करावा. दोन्ही संस्थांची ना-हरकत मिळाल्यावर विद्यापीठाची किंवा परीक्षा मंडळाची लेखी परवानगी मिळवावी; बदलाची मुदत व नियम त्यांच्याच परिपत्रकांतून पाहावेत, कारण ते वेळोवेळी बदलतात. ही परवानगी हाती येईपर्यंत जुनी शाळा सोडू नये, तेथील उपस्थिती मोडू नये आणि दाखला काढू नये. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे घडते. मुलगी रागाने किंवा रडत घरी येते, वडील दाखला काढून आणतात, आणि मग जागेचा शोध सुरू होतो. त्या दिवशी ती मुलगी कोणत्याच शाळेची नसते.

अर्जासोबत कोणते कागद असावेत? झालेल्या परीक्षांच्या गुणपत्रिका, वर्गाच्या आणि रुग्णालयाच्या उपस्थितीचा वेगवेगळा, सहीशिक्क्याचा उतारा, प्रात्यक्षिकाची नोंदवही, जिच्यात प्रत्येक कामापुढे शिक्षिकेची सही आहे, शिकविलेल्या अभ्यासक्रमाची प्रत, वर्तणुकीचा दाखला, आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. जात वैधता, अधिवास, शिष्यवृत्ती यांचे कागद निराळे. मूळ प्रत देताना पोच घ्यावी आणि घरी नक्कल ठेवावी. यातील नोंदवहीकडे मुलींचे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. सही आज राहिली ती उद्या घेऊ, असे करता करता सहा महिने लोटतात. तोवर शिक्षिका बदलून गेलेली असते. शाळा बदलावयाची असो वा नसो, ही वही दर आठवड्यास पुरी करणारी मुलगी कधी अडत नाही.

बदल कशासाठी हवा, याचाही घरी शांतपणे विचार व्हावा. दुखणे, शाळेची मान्यता जाणे, घरावर आलेले संकट, वसतिगृहातील असुरक्षितता ही कारणे खरी आहेत. त्यांत उशीर करू नये. परंतु पहिली रात्रपाळी, पहिला मृत्यू डोळ्यांसमोर पाहणे, परक्या गावचे जेवण आणि वरिष्ठांचा करडा शब्द, यांनी प्रत्येकच मुलगी पहिल्या काही महिन्यांत खचते. ते दुःख खोटे नसते, पण शाळा बदलल्याने ते जात नाही. नव्या शाळेतही तीच रात्र आणि तीच खाट असते. अशा वेळी आईने किंवा मावशीने दोन दिवस तिच्याजवळ जाऊन राहावे. अर्जापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

शहाणपणाचा खरा समय मात्र प्रवेशापूर्वीचा आहे. परिषदेची मान्यता त्याच वर्षासाठी चालू आहे काय, हे पाहावे. पदवीच्या महाविद्यालयाला किमान 100 खाटांचे मूळ रुग्णालय असावे, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असे प्रमाण पडावे, असा दंडक आहे. तेव्हा इमारतीची रंगसफेदी पाहून परतू नये. रुग्णालयात जाऊन खाटांवर रुग्ण आहेत काय, हे डोळ्यांनी पाहावे. रात्रपाळीहून वसतिगृहापर्यंत मुली कशा येतात, हे तेथील मुलींनाच विचारावे. चारही वर्षांची फी लेखी मागून घ्यावी. वडूजहून मिरजेस किंवा पुण्यास जाऊन एक दिवस खर्च करणाऱ्या घराचे पुढे एक वर्ष वाचते.

एवढी कडक शिस्त कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रुग्णाच्या खाटेवर आहे. सलाईनची सुई कोठे टोचावी, श्वास अडला तर प्रथम काय करावे, बाळंतिणीचा रक्तस्राव केव्हा धोक्याचा समजावा, हे ज्या तासांत शिकावयाचे ते तास एखाद्या मुलीच्या हिशेबातून गळले, तर त्याची किंमत तिला द्यावी लागत नाही. ती तिच्यापुढे पडलेल्या अनोळखी माणसाला द्यावी लागते. आपल्या मुलीचे तास पुरे व्हावेत अशी काळजी जे घर घेते, ते तिच्या नोकरीची तरतूद तर करतेच, शिवाय तिच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचेही भले करते.