टाकाऊतून उभे राहिलेले राज्य

आखीवरेखीव नगररचनेचा आदर्श म्हणून चंदीगडचे नाव घेतले जाते. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार हे शहर उभे राहत असता, त्याच्या सीमेवरील राखीव वनात एक वेगळीच नगरी आकार घेत होती, तीही कोणत्याही परवानगीविना! तिचे निर्माते नेक चंद सैनी हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते.

१९२४ साली आजच्या पाकिस्तानातील शकरगढ परिसरात जन्मलेल्या नेक चंद यांचे गाव फाळणीत सुटले. पुढे नव्या राजधानीसाठी अनेक खेडी पाडली गेली, तेव्हा त्या संसारांची फुटकी भांडी, तुटक्या बांगड्या आणि इतर मोडतोड ते सायकलवरून वाहून नेऊ लागले. नदीपात्रातील चित्रविचित्र दगडही त्यांनी जमवले. १९५७ पासून तब्बल १८ वर्षे दिवसा नोकरी आणि रात्री रानात ही निर्मिती, असा त्यांचा क्रम होता. सिमेंटच्या देहांवर काचबांगड्यांची रंगीबेरंगी वस्त्रे ल्यालेल्या स्त्रिया, नर्तकी, वानरे, मोर अशी प्रजाच्या प्रजा तेथे रांगेने उभी राहिली. या राज्याचे दरवाजे मुद्दाम ठेंगणे ठेवले आहेत. आत शिरताना मान लववावीच लागते.

१९७५ साली हे सारे उघडकीस आले. सरकारी जमिनीवरील विनापरवाना बांधकाम, म्हणजे नियमाने पाडावयाचेच. नियमपुस्तिकेशी रोजचा संबंध असलेल्या आम्हा बँक कर्मचाऱ्यांना त्या अधिकाऱ्यांची अडचण सहज समजावी! परंतु कोणीतरी कलेची बूज राखली. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ जनतेसाठी खुले झाले. नेक चंद यांना त्याच कामासाठी वेतन आणि सुमारे ५० मजूर मिळाले. १९८४ साली ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला. धबधबे, दऱ्या आणि चौक यांनी विस्तारत हे उद्यान ४० एकरांपर्यंत पोहोचले.

संकटे मात्र सरली नाहीत. १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून ते थोपवले. १९९६ मध्ये नेक चंद परदेशी असताना अनेक मूर्तींची नासधूस झाली. २०१५ साली ते निवर्तले. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडील रस्तारुंदीकरण व वाहनतळासाठी उद्यानाच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. या वेळीही नागरिकांनी विरोध केला होता.